पडद्यावरचा फोटो कागदावर उतरवताना: घरच्या संपादनाची आणि छपाईची पद्धत

घरी छापलेला फोटो हाती आला की बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: पडद्यावर इतका उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडला कसा? यात प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, तर कागद खोलीतला प्रकाश फक्त परत फेकतो. शिवाय मोबाईलचा किंवा लॅपटॉपचा पडदा आपण नेहमी भरपूर उजेडावर ठेवलेला असतो, त्यामुळे मुळात अंधारलेला फोटोही तिथे खुलून दिसतो आणि तो उजळ करण्याची गरज आहे हे लक्षातच येत नाही. म्हणून घरच्या छपाईची तयारी पडद्यापासून सुरू करावी आणि रंगांचा शेवटचा निवाडा मात्र कागद पाहूनच करावा.

ज्या कागदावर छपाई करायची आहे त्याचाच एक कोरा ताव पडद्याशेजारी धरावा, पडद्यावर एखादे रिकामे पांढरे पान उघडावे आणि दोन्हींचा पांढरेपणा डोळ्यांना सारखा वाटेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करत जावे. मोजणीचे उपकरण ज्यांच्याकडे आहे त्यांनी पडद्याची तेजस्विता १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर आणि रंगतापमान ६५०० केल्विन ठेवावे. रात्री पडदा आपोआप पिवळसर करणारी सोय काम करताना बंद ठेवावी. मुंबईतल्या लहान घरांत हे काम बहुधा रात्रीची जेवणे आटोपल्यावर, पिवळ्या दिव्याखाली होते; ते टाळता येत नसेल तर निदान रंगांचा निर्णय सकाळच्या उजेडासाठी राखून ठेवावा.

यानंतरचा प्रश्न मूळ फाइलचा. व्हॉट्सअॅपच्या गटावर आलेला फोटो छपाईसाठी घेऊ नये, कारण पाठवतानाच त्याचा आकार आणि बारकावा घटलेला असतो. ज्याने फोटो काढला त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. हातात धरून पाहण्याच्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण धरावे. त्या हिशेबाने ४ × ६ इंचांसाठी १२०० × १८०० पिक्सेल, ८ × १० इंचांसाठी २४०० × ३००० आणि ए४ कागदासाठी सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. भिंतीवर लावून थोड्या अंतरावरून पाहायचा फोटो इंचाला २०० पिक्सेलवरही समाधानकारक येतो.

आकाराबरोबर प्रमाणही पाहावे लागते, आणि इथे पुष्कळ जण फसतात. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारणपणे ४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे ४ : ३ या प्रमाणाचा असतो, तर ४ × ६ इंचांचा कागद ३ : २ या प्रमाणाचा असतो. आडवा फोटो त्या कागदावर पूर्ण भरायचा तर उंचीतले ३३३ पिक्सेल, म्हणजे नववा हिस्सा, कापावाच लागतो. हे काम प्रिंटरवर सोडले तर तो वरून-खालून सारखे कापतो आणि लग्नातल्या समूहचित्रात मागच्या रांगेतल्या मंडळींचे फेटे जातात. कागदाच्या प्रमाणाची चौकट निवडून क्रॉप आपण स्वतःच करावा. बिनकाठाची छपाई निवडली तर प्रिंटर चित्र किंचित मोठे करून कडेचे आणखी थोडे मिलिमीटर कागदाबाहेर टाकतो, तेव्हा कडेला तेवढी जागा मोकळी ठेवावी. मला स्वतःला पांढरी काठ राखलेली प्रिंटच अधिक पसंत आहे. काहीही कापले जात नाही आणि हाताळताना बोटांचे ठसे चित्रावर उमटत नाहीत.

संपादनासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. १९९६ पासून विनामूल्य मिळणारे गिम्प, रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइली) डार्कटेबल किंवा रॉथेरपी आणि मोबाईलवर स्नॅपसीड, एवढ्यात घरचे सगळे काम भागते. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे आणि ती प्रत त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात जतन करावी; जेपीईजी फाइल बदलून पुन्हापुन्हा साठवली की दर वेळी थोडा बारकावा गळतो. क्रम असा ठेवावा: आधी सरळ करणे आणि कापणे, मग पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसेल असे रंग जुळवणे), मग उजेड, मग रंग आणि अगदी शेवटी, फोटो छपाईच्या आकाराला आणल्यावर, धार वाढवणे (शार्पनिंग). पडद्यावर जेवढी धार पुरेशी वाटते त्यापेक्षा कागदासाठी किंचित जास्त लागते, कारण शाई कागदात थोडी पसरते.

घरच्या गणपतीचा फोटो घेतला तर यातल्या जवळजवळ सर्व अडचणी एकाच चौकटीत भेटतात. निरांजनाचा पिवळा उजेड, मखरावरच्या एलईडी माळांचा निळसर उजेड आणि खिडकीतून येणारा ढगाळ दिवसाचा उजेड असे तीन प्रकार एकत्र आलेले असतात. पांढऱ्याचा तोल साधण्यासाठी ड्रॉपरने, म्हणजे टिचकी मारलेली जागा पांढरी धरणाऱ्या साधनाने, फोटोतल्या भिंतीवर टिचकी मारण्याचा मोह होतो, पण घरातल्या भिंती बहुधा फिक्या पिवळ्या किंवा क्रीम रंगाच्या असतात आणि त्यांना पांढरे धरले तर सगळा फोटो निळा पडतो. त्यापेक्षा नैवेद्याच्या ताटातल्या उकडीच्या मोदकाची, निरांजनापासून दूर असलेली बाजू निवडावी. ती खऱ्या पांढऱ्याच्या अधिक जवळ असते. ज्योतीभोवतीचा पिवळेपणा मात्र तसाच राहू द्यावा, तो काढला तर आरतीचा प्रकाश ट्यूबलाइटसारखा दिसू लागतो.

खरी परीक्षा जास्वंदीची असते. डिजिटल फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्यांत (चॅनेल) साठतो. कॅमेऱ्यात लाल रंगाची वाहिनी सर्वांत आधी भरून जाते, म्हणजे तिचे मूल्य २५५ या कमाल आकड्यावर जाऊन अडकते, आणि पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा होऊन फुलाच्या जागी नुसता लाल डाग उरतो. पडद्यावर तो डाग चमकदार दिसत असल्यामुळे खुपत नाही; कागदावर मात्र तो सपाट छापला जातो, कारण इतका गडद आणि तेजस्वी लाल शाईच्या आवाक्याबाहेर असतो. अशा वेळी पूर्ण फोटोला हात न लावता फक्त लाल रंगछटेची गडदी (सॅच्युरेशन) थोडी थोडी कमी करत जावे आणि तिचा उजेडही किंचित उतरवावा. हिरव्या आणि निळ्या वाहिन्यांत पाकळीचा बारकावा बहुधा शिल्लक असतो, त्यामुळे गडदी उतरताच शिरा पुन्हा दिसू लागतात. शिरा दिसल्या की थांबावे. पडद्यावर फूल जरा फिके वाटेल, पण प्रिंटमध्ये तेच जिवंत उतरते. झेंडूच्या केशरीला आणि पैठणीच्या राणी रंगालाही हाच उपाय लागू पडतो.

काळ्या रंगाची अडचण याच्या उलट असते. संक्रांतीच्या फोटोतल्या काळ्या चंद्रकळेच्या निऱ्या पडद्यावर एकेक मोजता येतात, कागदावर मात्र त्या शाईत बुडतात. गिम्पमधल्या लेव्हल्सच्या चौकटीत मधली खूण १.०० वरून १.१० ते १.२० पर्यंत नेल्यास मधल्या छटा उजळतात, आणि खालच्या पट्टीवर काळ्याचे मूल्य ० ऐवजी ५ ते १० ठेवल्यास सर्वांत गडद भागातही थोडा फरक टिकून राहतो. तयार फाइल एसआरजीबी या रंगप्रणालीत ठेवावी. घरगुती प्रिंटर आणि दुकानातल्या लॅब दोन्हींकडे ती सुरळीत चालते.

प्रिंटर निवडताना हे लक्षात घ्यावे की चार शायांचे साधे इंक टँक प्रिंटर मुख्यतः कागदपत्रांसाठी बनवलेले असतात. फोटो ते छापतात, पण आकाशाच्या आणि चेहऱ्याच्या फिक्या छटांत बारीक ठिपके दिसू शकतात. फिकी निळी आणि फिकी किरमिजी अशा दोन जादा शाया असलेले सहा रंगांचे यंत्र त्या छटा अधिक मऊ उतरवते. लेझर प्रिंटरमध्ये इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर कधीही घालू नये; त्याचा प्लास्टिकचा थर तापलेल्या रुळावर वितळून चिकटतो. कागद १८० ते २६० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) घ्यावा. ग्लॉसीवर रंग सर्वांत गडद दिसतात, पण काचेमागे लावायच्या फोटोसाठी मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (मंद चमकीचा) अधिक चांगला. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा फोर्टात बोरा बाजारात चौकशी केली तर निरनिराळे कागद हाताने पाहून घेता येतात. पावसाळ्याच्या तोंडावर मोठा गठ्ठा घेऊ नये, लहान पाकीट पुरे.

छपाईच्या खिडकीत कागदाचा प्रकार अचूक निवडणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण किती शाई सोडायची आणि काळा रंग कोणत्या शाईने भरायचा हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो. रंगांचे नियंत्रण एकाच ठिकाणी असू द्यावे: सॉफ्टवेअरमध्ये कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लावली असेल तर प्रिंटरची रंगदुरुस्ती बंद करावी, नसेल तर ते काम प्रिंटरकडेच सोपवावे. दोन्ही चालू राहिले की चेहरे विनाकारण तांबडे होतात. कागदाची छपाईची बाजू ओळखता येत नसेल तर किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावून पाहावे. थर असलेली बाजू बोटाला धरते.

पूर्ण आकाराची प्रिंट काढण्यापूर्वी चाचणीची पट्टी छापण्याचा आळस कधीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. फोटोतला चेहरा, गडद भाग आणि सर्वांत भडक रंग येईल असा एक अरुंद तुकडा कापून त्याच्या मधल्या छटांच्या १.००, १.१० आणि १.२० अशा तीन आवृत्त्या ४ × ६ इंचांच्या एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात आणि प्रत्येकीखाली तिचा आकडाही छापून घ्यावा. शाई पंधरा मिनिटे वाळू द्यावी, ओल्या शाईचे रंग वेगळे दिसतात. मग कागद खिडकीजवळ, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात पाहावा आणि आकडा ठरवावा. तोच कागद आणि तीच शाई असेपर्यंत हा आकडा पुढच्या फोटोंनाही बहुतांशी लागू पडतो. याच मापाच्या कागदावर अर्जांना लागणारे ३५ × ४५ मिलिमीटरचे आठ फोटो, चारच्या दोन रांगांत, नीट बसतात.

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा कागदात शिरतो, कडा वळतात आणि शाई वाळायला वेळ लागतो. कागद प्रिंटरच्या ट्रेमध्ये ठेवून देऊ नये. सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत आडवा ठेवावा आणि लागतील तेवढेच ताव बाहेर काढावेत. प्रिंटर मात्र वापराविना पडून राहिला की उन्हाळ्यात आणि वातानुकूलित खोलीत त्याच्या हेडच्या नोझलमधली, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांतली, शाई सुकते, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व रंग येतील असे एखादे पान छापावे. यंत्र बंद करताना भिंतीवरचे बटण न दाबता प्रिंटरचे स्वतःचे बटण वापरावे, म्हणजे हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसते. रेघा दिसू लागल्या तर आधी नोझल चेक (प्रत्येक छिद्रातून शाई येते का हे दाखवणारे चाचणीचे पान) काढावा आणि त्यात खंड दिसला तरच हेड क्लीनिंग करावे, कारण त्यात बरीच शाई खर्च होते आणि वाया गेलेल्या शाईचा पॅडही लवकर भरतो.

प्रिंट चौकटीत घालण्यापूर्वी किमान २४ तास, पावसाळ्यात दोन दिवस, मोकळ्या हवेत पण धुळीपासून दूर वाळवावी. नाही तर आतली वाफ काचेवर धुक्यासारखी जमते. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंटची (प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाड पट्टी असावी, कारण दमट हवेत काचेला टेकलेला चकचकीत कागद चिकटतो आणि मग सोलल्याशिवाय निघत नाही. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चौकट लावायची असेल तर तिच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळण्यापुरती फट ठेवावी. थेट ऊन येणारी भिंत टाळावी, घरगुती प्रिंटरच्या बहुतेक शाया उन्हाने फिक्या पडतात. ज्या प्रिंट भिंतीवर जाणार नाहीत त्यांच्यासाठी चिकट पानांचा किंवा पीव्हीसीचा अल्बम न घेता पॉलिप्रॉपिलीनच्या कप्प्यांचा घ्यावा आणि तो बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.