विक्का, पेगन वगैरे: गोव्यात बसून आपली वाट कशी शोधायची

रीलवर काळा झगा, कवटी आणि जांभळ्या मेणबत्त्या बघून विक्का (निसर्ग आणि देव-देवी पुजणारा, जादू मानणारा पंथ) करावंसं वाटतंय ना, मग आधी पाकीट आत ठेवा. ते क्रिस्टल, टॅरो, इंपोर्टेड सेज (धुपासारखी जाळायची पानं) वगैरे काही लागत नाही, मी दीड वर्षात बरंच घेतलं आणि त्यातली आता एक पितळी वाटीच काय ती वापरात आहे.

पहिलं काम म्हणजे कोण कोण आहे ते समजून घ्या. पेगन म्हणजे निसर्ग आणि युरोपातले जुने देव मानणाऱ्यांचं मोठं गोतावळ्याचं कुटुंब, विक्का त्यातलं एक घर. शेजारी ओकसारखी झाडं पवित्र मानणारे ड्रुइड आहेत, नॉर्स देवांना मानणारे आहेत (आइसलँडमध्ये त्यांच्या आसात्रू पंथाला १९७३ साली सरकारी मान्यता मिळाली), ग्रीक देव पुजणारेही आहेत. आणि विक्का हजारो वर्षं जुना आहे असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मलायात कस्टममध्ये नोकरी करून रिटायर झालेला जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज, ब्रिटनमध्ये १९५१ ला जादूटोण्याचा जुना कायदा गेला आणि १९५४ ला त्याचं पुस्तक आलं, तिथून हे सगळं लोकांसमोर आलं. नवीन आहे म्हणून खोटं असं नाही हां, पण माहीत असावं.

मग एक वही घ्या आणि एक जागा पकडा. शेताचा बांध, परसातला फणस, किनाऱ्यावरचा एखादा खडक, काहीही, पण रोज तीच. तारीख, तिथी, वारा कुठून, काय फुललं एवढंच लिहायचं. विक्कात पौर्णिमेच्या विधीला एस्बॅट म्हणतात, आपल्याला त्यासाठी अ‍ॅप नको, भिंतीवर कालनिर्णय असतंच. दोन-तीन पौर्णिमा नुसतं बसून बघा, मंत्रबिंत्र नंतर.

आता खरी गोची. विक्काचं वर्षाचं चक्र आठ सणांचं आहे आणि ते ब्रिटनच्या हवेवर बेतलेलं. १ मेला बेल्टेन, म्हणजे तिकडे उन्हाळ्याची चाहूल, इकडे आपण घामाने निथळत पावसाची वाट बघतोय. ऑस्ट्रेलियातले पेगन यूल (भर थंडीतला सण) डिसेंबरऐवजी जूनमध्ये करतात, कारण त्यांची थंडी तेव्हा, मग आपण का अडून बसायचं? २१ जूनच्या आसपास लिथा, म्हणजे सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण येतो आणि २४ ला आपल्याकडे सांजांव. युरोपात या दिवसांत शेकोट्या पेटवतात, तोच संत जॉनचा सण पोर्तुगिजांबरोबर इथे आला आणि पावसाने भरलेल्या विहिरीत उड्या मारायला लागला. सण जागेप्रमाणे बदलतो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही. लुनासा म्हणजे १ ऑगस्टचा पहिल्या पिकाचा सण, तो मी भाताची नवी कणसं घरात येतात तेव्हा करते. म्हणजे तारीख न बघता आपल्या वहीत बघा आणि स्वतःचं चक्र लिहा, आठाऐवजी पाच सण झाले तरी चालेल.

पूजेची जागा सोपी. पाटावर उत्तरेला माती, पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला पणती, पश्चिमेला पाणी. समुद्र आमच्या पश्चिमेलाच असल्यामुळे पाणी कुठे ठेवायचं हे कधी विसरायला होत नाही. वर्तुळ घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच.

एक गोष्ट मात्र जपून. सत्तरीतल्या देवराया, वारुळातली सातेरी देवी, धालोचा मांड (बायकांच्या धालो नाचाची पवित्र जागा) हे बघून वाटतं अरे हे तर पेगनच, आणि फोटो काढत, मेणबत्ती लावत लोक घुसतात. तसं करू नका. ते गावाचं आहे, त्याचे नियम आहेत, देवराईत पानसुद्धा तोडत नाहीत कित्येक ठिकाणी. मी आजीला मांडाबद्दल विचारायला गेले तर म्हणाली, "पायातलं काढ आधी, मग विचार काय ते." विचारून, बोलावलं तर जा, आणि सातेरीला उचलून आपल्या विधीत बसवू नका.

घरी सांगताना 'विच' शब्द टाळा, त्याचं मराठीत चेटकीण होतं आणि मग करणी, घाडी (भूतबाधा उतरवणारा) इथपर्यंत विषय जातो. आणि मुळात विक्काचा नियमच असा आहे की कोणाला इजा होत नसेल तर हवं ते कर, त्यामुळे सोडून गेलेल्या एक्सवर वशीकरण करायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

ग्रुप हवाच असेल तर घाई नको. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात, त्याआधी बहुतेक ठिकाणी वर्ष आणि एक दिवस थांबवतात, आणि दीक्षेचे पैसे घेत नाहीत. कोणी पैसे मागितले, किंवा कपडे काढायची जबरदस्ती केली (काही कोव्हनमध्ये, म्हणजे विक्काच्या गटांमध्ये, नग्न विधी असतो, पण राजीखुशीने), तर सरळ उठून या. एकट्याने करणारे भरपूर आहेत.

न जमलं तर सोडूनही द्या. मी ड्रुइडांचा नाद दोन महिन्यांत सोडला, फोंड्यात ओक कुठून आणणार?