चेंडूवरून नजर काढायला शिका

“तुम्ही अमेरिकन फुटबॉल कधी खेळला नाहीत, मग पोरं कशी पारखता?” कॉलेजांच्या संघांना सुचवण्यासाठी मी शाळेतले खेळाडू हेरतो, आणि डॅलसच्या उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न मला दर हंगामात येतो. काहींचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात गेलेला असतो आणि त्याच्या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. काही जण एम.एस.ला आलेले विशीतले विद्यार्थी असतात. त्यांना या खेळाचं वेड लागलेलं असतं आणि त्यात काही काम मिळेल का, ते बघायचं असतं. दोघांनाही मी एका शुक्रवारी शाळेच्या सामन्याला घेऊन जातो आणि एकच अट घालतो: पहिला अर्धा तास चेंडूकडे बघायचं नाही.

हे फार जड जातं. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की डोळे आपोआप चेंडूमागे धावतात. पण एक डाव चालतो जेमतेम पाच-सहा सेकंद, आणि तेवढ्यात मैदानावर बावीस मुलं काही ना काही करत असतात. चेंडू असतो एकाकडे. तुम्हाला हवा असलेला मुलगा बहुतेक वेळा उरलेल्या एकवीस जणांत असतो. म्हणून एक नंबर धरायचा, उदाहरणार्थ 72, आणि सलग आठ-दहा डाव फक्त त्यालाच बघायचं. स्नॅपनंतरचं पहिलं पाऊल कुठे पडलं, ते आधी. धावणारा पुढे निघून गेल्यावर हा काय करतो, ते नंतर. शिट्टी होईपर्यंत पळतो, की आपलं काम झालं म्हणून उभा राहतो?

मी कोल्हापूरकडचा. दहावीपर्यंत रोज पहाटे गावच्या तालमीत जायचो. नवीन पोरगा आला की आमचे वस्ताद त्याचे दंड बघायचे नाहीत. त्याला वीस-पंचवीस बैठका मारायला लावायचे आणि स्वतः त्याच्या टाचांकडे बघत उभे राहायचे. टाच मातीवरून उचलते का, गुडघा आत पडतो का, पाठ सरळ राहते का. बारा वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेच्या संघाचं चित्रण करायला मी प्रेस बॉक्समध्ये उभा राहू लागलो, तेव्हा लाइनमधली, म्हणजे सर्वांत पुढे समोरासमोर भिडणारी मुलं बघताना मला वस्तादांची ती नजर आठवली. समोरच्याला अडवताना काही मुलं कमरेत वाकतात. डोकं पुढे जातं, पाय मागे राहतात, आणि समोरचा नुसता बाजूला सरकला तरी ही तोंडावर आपटतात. काही मुलं मात्र घोट्यातून आणि गुडघ्यातून खाली बसतात, पाठ ताठ ठेवतात आणि दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर रोवतात. असा मुलगा नव्वद किलोचा असला तरी सव्वाशे किलोच्या गड्याला हलत नाही. पवित्रा शिकवता येतो, हे खरं. पण घोटे आणि कंबर कडक असलेल्या मुलाच्या अंगात तो मुरायला वर्षं जातात, आणि इथल्या हायस्कूलात वर्षं असतात चारच.

म्हणून लाइनमन दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, हा कुस्ती करतो का? स्टीफन नील हे माझं आवडतं उदाहरण. कॉलेजात तो फुटबॉल खेळलाच नाही. तो कुस्तीगीर होता, 1999 मध्ये जगज्जेता झाला, आणि नंतर एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या संघात गार्ड (लाइनमधली एक जागा) म्हणून वर्षानुवर्षं खेळला. दुसरा खेळ खेळणारी मुलं मला नेहमीच जास्त काही सांगून जातात. बास्केटबॉलमध्ये रिबाउंडसाठी उडी मारणारा हात, गोळाफेकीतला कमरेचा झटका, शंभर मीटरची अधिकृत वेळ. एनएफएलमधला नामवंत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, पॅट्रिक महोम्स पूर्व टेक्सासातल्या व्हाइटहाउस गावच्या शाळेत फुटबॉलबरोबर बेसबॉलही खेळायचा, आणि 2014 मध्ये डेट्रॉइट टायगर्सने त्याला बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, त्यात) निवडलंही होतं. तो वेड्यावाकड्या कोनातून चेंडू फेकतो, तेव्हा त्यात बेसबॉलचा खांदा स्पष्ट दिसतो.

याच महोम्सला शाळेत असताना तीनच तारे मिळाले होते. तारे म्हणजे मुलांची क्रमवारी लावणाऱ्या संस्थांनी दिलेले गुण. 247 स्पोर्ट्स दरवर्षी साधारण 32 मुलांना पाच तारे देते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत 32 निवडी असतात. ताऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पाच तारेवाली मुलं पुढे जाण्याची शक्यता इतरांपेक्षा खरोखरच कितीतरी जास्त असते. पण त्या मुलांना शोधायला तुमची-माझी गरज नाही, त्यांच्या दारात आधीच गर्दी असते. नवख्याने मेहनत घ्यावी ती दोन तारे मिळालेल्या किंवा एकही न मिळालेल्या मुलांवर. पुढे एनएफएलमध्ये गाजलेल्या जे. जे. वॉटला दोन तारे होते. जॉश अ‍ॅलनला कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावातून डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज-खेळातल्या सर्वांत वरच्या गटाच्या, एकाही विद्यापीठाने बोलावलं नव्हतं. तो आधी रीडली इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, मग वायोमिंगला, आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला.

त्याला कुणी बोलावलं नाही याचं एक कारण त्याचं अंग होतं. शाळेत तो सडपातळ होता. इथे मला माझी चूक सांगावीच लागेल, कारण नवीन माणूस ती हमखास करतो.

सहा वर्षांपूर्वी एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकांसाठी मी आमच्या भागातल्या दहावीतल्या मुलांच्या नोंदी करत होतो. त्यात एक डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या लाइनच्या टोकाला खेळणारा मुलगा होता. उंची सहा फूट दोन इंच, वजन 75 किलो. पळताना पायात पाय अडकायचे. मी लिहिलं, ‘वजन कमी, टक्कर सोसणार नाही, समन्वय नाही.’ प्रशिक्षकांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्याला बघायला कुणी गेलं नाही. बारावीत तो सहा फूट पाच इंच आणि 106 किलो झाला होता, आणि तेव्हा तो त्या कॉलेजच्या आवाक्यात राहिला नव्हता. मुलाचं भलं झालं, पण ज्यांनी माझ्या शब्दावर भिस्त ठेवली, त्यांचं नुकसान झालं. ती नोंद मी जपून ठेवली आहे. वर्षभरात तो चार इंच वाढला होता, म्हणून पाय अडकत होते. त्याची मनगटं जाड होती, बुटाचा नंबर चौदा होता, आणि गॅलरीत बसलेले त्याचे वडील आणि काका दोघेही दाराची चौकट भरून टाकतील असे होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वजनाचा आकडा लिहून मोकळा झालो.

आता पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिताना मी ‘आज’ आणि ‘दोन वर्षांनी’ असे दोन रकाने ठेवतो. आणि एकाच मुलाला किमान तीनदा बघतो: एकदा उन्हाळ्याच्या सरावात, एकदा दुबळ्या संघाविरुद्ध, एकदा तगड्या संघाविरुद्ध.

चाळीस यार्ड धावण्याच्या वेळेबद्दल थोडंच सांगतो. हे अंतर साडेछत्तीस मीटरच्या आसपास. हाताने लावलेल्या घड्याळात वेळ यंत्रापेक्षा साधारण दोन दशांश सेकंदाने कमी येते, आणि पालक नेहमी हाताचीच वेळ सांगतात. कुणी मोजली, कशाने मोजली, हे विचारल्याशिवाय आकडा वहीत घेऊ नका.

कॉर्नरबॅकमध्ये, म्हणजे झेल घेणाऱ्या रिसीव्हरला रोखणाऱ्या मुलात, मात्र सरळ वेगापेक्षा वळणं जास्त बोलतं. तो पाठमोरा मागे पळत असतो, रिसीव्हर त्याच्या अंगावर येतो, आणि एका क्षणी त्याला वळून त्याच्याबरोबर पळावं लागतं. त्या क्षणी कंबर एका हालचालीत फिरते का, की तो आधी सरळ उभा राहतो, मग वळतो? आमच्याकडे खो-खोत खांबाला वळसा घालताना चांगला पळणारा अंग खाली ठेवायचा, तसंच हे. रिसीव्हरचे हात बघा. चेंडू पंजात झेलतो की छातीवर घेतो? छातीवर घेणाऱ्याचे चेंडू पावसात सुटतात. क्वार्टरबॅकचे पाय बघा आणि समोरून त्याला पाडायला कुणी धावत आल्यावर त्याचे डोळे कुठे जातात, ते बघा. डोळे रिसीव्हरवर राहिले तर त्याच्या नावापुढे खूण करा.

आता फिल्मचं. जवळजवळ प्रत्येक मुलाची चित्रफीत हडल या संकेतस्थळावर असते. हायलाइट म्हणजे लग्नातल्या फोटोंचा अल्बम, त्यात रुसवेफुगवे नसतात. प्रशिक्षकांकडून पूर्ण सामना मागून घ्या. मी आधी मुलाची चूक शोधतो, आणि मग तिच्या पुढचे तीन डाव पुन्हा पुन्हा बघतो. एका मुलाने झेल सोडला, आणि पुढच्याच डावात चेंडू दुसऱ्या बाजूला असताना त्याने वीस यार्ड पळत जाऊन सोबत्यासाठी ब्लॉक केला. त्याचं नाव मी त्याच रात्री तिघांना कळवलं.

मैदानावर गेलात की बँड, ढोल, घोषणा यांनी भारावून जायला होतं. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या, शुक्रवारी मुली छातीवर ‘मम’ लावून येतात, ती मुळात आपली शेवंतीच. आता फुलं कृत्रिम असतात, आणि खाली फिती नि घंटा लोंबतात. मला ते सगळं फार आवडतं. पण सामना सुरू होण्याच्या तासभर आधी पोहोचा. अंग मोकळं करताना मुलं खरी कशी हलतात ते दिसतं, आणि कोण धाकट्या मुलांना पाणी देतं, तेही.

गुणपत्रिका विसरू नका. डिव्हिजन वनसाठी 16 मुख्य विषय आणि त्यांत (4 पैकी) किमान 2.3 सरासरी लागते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते, तिथे अभ्यासच पैसे मिळवून देतो. मराठी पालकांना हे चटकन पटतं. शिवाय हल्ली ट्रान्सफर पोर्टलमुळे कॉलेजं अनुभवी खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांतून आणतात, त्यामुळे शाळेतून थेट जाणाऱ्यांच्या जागा आटल्या आहेत. मुलाला किंवा पालकांना कसलंही आश्वासन देऊ नका. ही मुलं अल्पवयीन आहेत. परस्पर फोन, मेसेज काही नाही. जे बोलायचं ते आधी शाळेच्या प्रशिक्षकांशी, आणि शाळेच्या आवारात मदत करायची असेल तर पार्श्वभूमी तपासणीचा अर्ज भरून. डोक्याला मार लागलेला मुलगा कुणाच्या तरी दबावाखाली लवकर परतलेला दिसला, तर तुमची वही बाजूला ठेवा आणि दुखापती बघणाऱ्या ट्रेनरला सांगा.

कामाचं विचारणाऱ्यांसाठी: एफ-1 व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल विभागात खेळाडू-भरतीच्या कचेरीत विद्यार्थी मदतनीस घेतात. फिल्म कापणं, याद्या करणं, पाहुण्या मुलांना आवार दाखवणं, अशी कामं असतात. डेटा हाताळता येत असेल तर तुमचं पारडं जड. एच-1बीवर असाल तर प्रायोजक कंपनीखेरीज कुणाकडून पैसे घेऊन काम करू नका, मग ती रक्कम कितीही लहान असो. वकिलाला विचारून फक्त स्वयंसेवा करा. मीही ग्रीन कार्ड येईपर्यंत तेवढंच केलं.

हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. पहिल्यांदा जाणार असाल तर शुक्रवारच्या मोठ्या सामन्याऐवजी गुरुवारी संध्याकाळी ज्युनियर व्हर्सिटीचा, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाचा, सामना बघा. गॅलरी रिकामी असते, प्रशिक्षकांचं ओरडणं ऐकू येतं. टोपी, पाणी, वही, खेळाडूंची यादी एवढं पुरे. परवानगी घेऊन मैदानाच्या टोकाच्या एंड झोनच्या मागे कुंपणापाशी उभे राहा. तिथून लाइनमधल्या मुलांच्या टाचा दिसतात.