पावसाळ्याआधी शिडाच्या छोट्या होडीची डोलकाठी उतरवताना

डोलकाठीच्या टोकावरची कप्पी अडकली की वर चढून ती मोकळी करावी असे वाटते. परंतु वीस-पंचवीस फुटी होडीत माणसाचे वजन टोकापर्यंत गेले तर होडी कलंडू शकते. म्हणून काठी तळाशी बिजागरीवर बसवलेली असेल, तर ती मागच्या बाजूला आडवी करूनच काम करावे.

उन्हाळ्यात गोव्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा हे काम सकाळीच उरकावे. मांडवीत होडी बांधली असेल तर फेरीबोटींच्या लाटा पोहोचणार नाहीत अशी जागा निवडावी, कारण तळाशी जाणवणारा किरकोळ हेलकावा टोकाशी हातभर होतो. उतरवण्याआधी मान वर करून विजेच्या तारा पाहाव्यात. अॅल्युमिनियमच्या काठीतून वीज सहज वाहते, आणि स्पर्श न होता नुसती जवळीकही जीवघेणी ठरू शकते.

प्रथम शीड आणि बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) काढून ठेवावेत. काठी मागे झुकताना तिच्या मध्यापासून पुढे बांधलेल्या, तिला आधार देणाऱ्या बाजूच्या तारा ताणल्या जातात, त्यामुळे तेवढ्याच आधी सोडाव्यात. पुढची मुख्य तार मात्र दोरकप्पीचा ताबा मिळेपर्यंत सोडू नये. होडीच्या मागच्या टोकाला काठी टेकवण्यासाठी भक्कम लाकडी कैची उभी करावी.

सर्वांत अवघड टप्पा शेवटचा असतो. काठी उभी असताना एका हाताने धरता येते, पण आडवी होत जाते तसतसा भार वाढतो आणि पुढच्या दोराचा कोन इतका अरुंद होतो की ओढ जवळजवळ काठीच्या लांबीतच वाया जाते. यावर उपाय म्हणजे काठीच्या तळाशी पुढच्या दिशेने काटकोनात एक दांडा बसवून (काढलेला बूम चालतो) दोर त्याच्या टोकावरून नेणे. हा दांडा डावी-उजवीकडे घसरू नये म्हणून त्यालाही दोन्ही बाजूंनी दोर बांधावेत. बिजागरी डेकपेक्षा उंच असेल तर उतरताना बाजूच्या तारा सैल पडतात आणि काठी डावी-उजवीकडे झुलू लागते. त्या वेळी बिजागरीच्या उंचीवर बांधलेले दोन तात्पुरते आडवे दोरच तिला सावरतात. हे दोर नसतील तर काम सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे. एकदा काठी कलली की बिजागरी पिळवटते.

एकाने विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या रुळावर) दोन-तीन वेढे घेऊन दोर सोडावा, दुसऱ्याने बाजूला उभे राहून टोक कैचीत घ्यावे. काठीखाली कोणीही थांबू नये.

काठी आडवी असतानाच तारांची टोके बोटाने नव्हे, कापडाने पुसून तपासावीत. तुटलेला धागा कापडाला अडकतो. असा एक जरी सापडला, तर ती तार बदलावी. काठी पुन्हा उभी करताना कॉटर पिना (तारांच्या जोडावरचे खिळे निसटू न देणाऱ्या बारीक दुहेरी पिना) नव्या घालाव्यात आणि त्यांची टोके वाकवून त्यांवर टेप गुंडाळावी, म्हणजे शीड फाटत नाही.