जुना जीपीएस घेताना

जिओकॅशिंगसाठी (जीपीएसच्या मदतीने लपवलेल्या डब्या शोधायचा खेळ) किंवा सह्याद्रीत वाट शोधायला महागडं यंत्र लागत नाही. गार्मिनचं 'ईट्रेक्स २२एक्स' जुन्या बाजारात नीट मिळालं तर जरूर घ्या. दोन एए सेलवर ते सुमारे 25 तास चालतं. सेल संपले की गावातल्या दुकानातले घालायचे, चार्जिंगची चिंता नाही. मेमरी कार्डवर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचे फुकट नकाशेही टाकता येतात.

पैसे देण्याआधी मात्र मागचं झाकण उघडाच. सेलच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड दिसली, तर सेल गळलेत, सोडून द्या. वरची छोटी जॉयस्टिक चारही दिशांना फिरवून बघा, झाकणाचं रबर चिरलेलं नाही ना तेही पाहा, नाहीतर पावसात पाणी शिरेल. मग उघड्यावर जाऊन सुरू करा. बराच काळ बंद असेल तर उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात, घाई करू नका. मोकळ्या आकाशाखाली अचूकता तीन-पाच मीटरवर यायला हवी. दाट झाडीत किंवा घळीत ती घसरणारच, त्यात यंत्राचा दोष नाही.

एक महत्त्वाचं: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. नुसता रिसीव्हरच, म्हणजे फक्त संकेत घेणारं यंत्रच घ्या.