पिस्तूल चालवताना ट्रिगरचं बोट दुखतंय? पकडीतल्या या चुका टाळा

साठ शॉट्सची मॅच. पहिले वीस-पंचवीस शॉट्स छान जातात. मग तर्जनीचं टोक हुळहुळायला लागतं, पेराच्या बाजूला काहीतरी रुतल्यासारखं होतं, आणि चाळिसाव्या शॉटपर्यंत लक्ष फोरसाइटवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) उडून बोटावर येतं. असं झालं की बहुतेक नेमबाज सगळ्यात आधी ट्रिगर हलका करायला बघतात. माझ्या मते या दुखण्यातली सर्वांत मोठी चूक हीच.

10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे कमीत कमी 500 ग्रॅमचा असावा लागतो, आणि 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाचा 1000 ग्रॅमचा. त्याखाली गेलात तर पिस्तूल तपासणीतच अडकेल. शिवाय अर्धा किलो वजन ओढताना निरोगी बोट दुखत नाही. बोटाला तिरकं होऊन, ताणून किंवा दुमडून ओढावं लागतं, म्हणून ते दुखतं. आणि बोट ट्रिगरवर कसं पोचणार हे ठरतं तळहात ग्रिपवर कसा बसलाय त्यावरून. म्हणून दुखणं बोटात असलं तरी शोध तळहातापासून सुरू करा.

पुढचं काहीही करून बघण्याआधी पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, आणि पुन्हा एकदा बघा. काडतुसं त्या खोलीतही नकोत. एअर पिस्तुलात पेलेट (छर्रा) राहून गेलेलं असू शकतं, तेही तपासा. नळी कायम सुरक्षित दिशेला.

हातात छान वाटली म्हणून ग्रिप घेतली

पिस्तूल हातात घेतलं, मूठ वळली, भरीव वाटलं, म्हणजे माप जुळलं असं होत नाही. मूठ भरणं वेगळं आणि ट्रिगरपर्यंतचं अंतर जुळणं वेगळं. बघायचं ते ग्रिपच्या मागच्या बाजूपासून ट्रिगरच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर.

ते असं तपासा. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपवर जितकी वर जाईल तितकी घट्ट बसवा. नळीची रेषा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका सरळ रेषेत आणा. आता ही रेषा न मोडता तर्जनी ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराच्या मांसल भागाचा मध्य ट्रिगरवर आला, आणि बोटाचा मधला भाग ग्रिपला किंवा फ्रेमला न चिकटता थोडा मोकळा राहिला, तर माप बरोबर.

हात लहान असेल तर बोटाचं फक्त टोक ट्रिगरला टेकतं. मग नकळत माणूस काय करतो, तर अख्खी मूठ ग्रिपभोवती फिरवतो. बोट पोचतं खरं, पण नळी आणि हाताची रेषा मोडते. गोळी सुटल्यावरचा धक्का तळहाताच्या मध्याऐवजी अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो. बोटाची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणांना अंगठ्याचं बूड दाबून बघितलं की तिथे जास्त दुखतं. कुणाला तरी वरून तुमचा हात बघायला सांगा, किंवा वरून फोटो काढून घ्या. समोरून हे कळत नाही.

हात मोठा असेल तर उलटं होतं. बोट खूप आत जातं, ट्रिगर सांध्याच्या घडीत येतो आणि ओढताना बोटाचा मधला भाग फ्रेमला घासतो. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट्स अशा वेळी सहसा उजवीकडे सरकतात. नुसतं टोक टेकत असेल तर डावीकडे. डावखुऱ्यांसाठी दिशा उलट. मात्र शॉट्स बाजूला जाण्याची इतरही कारणं असतात, तेव्हा फक्त टार्गेट बघून निदान करू नका.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकी सैन्याने 1911 साली स्वीकारलेल्या .45 पिस्तुलात पहिल्या महायुद्धानंतर, 1920च्या दशकात सुधारणा झाल्या. ट्रिगर आखूड केला, ट्रिगरच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खाच घेतली, म्हणजे लहान हाताचंही बोट पोचावं. ग्रिप सेफ्टीचं (मूठ आवळल्यावरच गोळी सुटू देणाऱ्या मागच्या कळीचं) शेपूट लांबवलं, म्हणजे हॅमर, म्हणजे मागचा घोडा, बेचकीला चावू नये. हेच पिस्तूल पुढे 1911ए1 म्हणून ओळखलं गेलं. आज बऱ्याच सर्व्हिस (पोलीस-सैन्याच्या वापरातल्या) पिस्तुलांना मागचा पट्टा बदलून ग्रिप लहान-मोठी करता येते. ग्लॉकमध्ये ही सोय 2010 साली आलेल्या चौथ्या पिढीपासून आहे. तुमच्या पेटीत असे जादा पट्टे पडून असतील तर ते लावून बघा. फुकटचा उपाय आहे, आणि कितीतरी जण तो कधी करूनच बघत नाहीत.

पहिला शॉट डबल अॅक्शन (ट्रिगर ओढतानाच घोडाही ताणला जातो) आणि नंतरचे सिंगल अॅक्शन (घोडा आधीच ताणलेला) असलेल्या पिस्तुलात माप डबल अॅक्शनच्या स्थितीत घ्या. तेव्हा ट्रिगर पुढे असतो आणि खरी अडचण तिथेच दिसते.

ग्रिप सोडून आधी ट्रिगर हलवला

मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलात ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवता येते, थोडी फिरवताही येते. सोय चांगली आहे, पण तिचा क्रम दुसरा. ग्रिप बसली नसताना ट्रिगर हलवलात तर चुकीच्या पकडीला ट्रिगर जुळवून घेता, आणि पुढे ग्रिप सुधारल्यावर सगळं पुन्हा बिघडतं.

ग्रिप पक्की झाली की पट्टी अशी ठेवा की ओढताना बोट सरळ मागे येईल आणि पट्टीची कड पेरात रुतणार नाही. हलवण्याआधी जुन्या जागेवर पेन्सिलची खूण करा. एका वेळी एकच बदल. स्क्रू आवळल्यावर ट्रिगरचं वजन पुन्हा मोजा, कारण पट्टीची जागा बदलली की वजनातही फरक पडू शकतो. आतल्या सिअरशी (घोडा अडवून धरणाऱ्या भागाशी) खेळू नका, ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

ट्रिगरच्या मधोमध सेफ्टीची छोटी पाती असलेल्या पिस्तुलांत ती पाती चावते अशी तक्रार नेहमी येते. बहुतेकदा बोट ट्रिगरच्या अगदी खालच्या टोकाला गेलेलं असतं. तिथे पाती चिमटा घेते आणि बोटाची खालची बाजू ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कड्याला) घासते. हात वर सरकवला की बोटही वर येतं आणि दोन्ही त्रास एकदम कमी होतात.

मूठ आवळून धरली

करंगळी, अनामिका आणि मधलं बोट वाकवणारे खोल स्नायू पुढच्या हातात एकमेकांशी बरेच जोडलेले असतात. तर्जनी त्यामानाने स्वतंत्र असते, पण पूर्णपणे नाही. मूठ कमाल जोराने आवळली की तर्जनीही ताठरते, आणि ताठर बोटाला 500 ग्रॅमही जड वाटतात. पिस्तूल खाली ठेवल्यावर तळहातावर ग्रिपच्या खोल रेघा उमटल्या असतील, नखं पांढरी पडली असतील, तर जोर जास्त झाला.

योग्य जोर शोधायची एक जुनी रीत आहे. फोरसाइट थरथरेपर्यंत मूठ आवळा, मग थरथर थांबेपर्यंत सैल करा. तिथे थांबा. तो जोर पहिल्या शॉटपासून शेवटपर्यंत सारखाच राहिला पाहिजे. दर शॉटला जोर बदलला तर बोटाला दर वेळी नवा ट्रिगर भेटतो.

मधल्या बोटाचा घट्टा

सर्व्हिस पिस्तुलात हात वर घेतला की मधल्या बोटाचा सांधा ट्रिगर गार्डच्या खालच्या कडेला टेकतो आणि घासून तिथे घट्टा होतो. हात खाली घेणं हा यावरचा उपाय नाही, त्याने पकडच बिघडते. सरावाला टेप लावा. कड फारच धारदार असेल तर ती जाणकाराकडून गोलसर करून घ्या.

लाकडी ग्रिपवर घाईने कानस फिरवली

मॅच पिस्तुलाची ग्रिप अशी असते की तिला तुमच्या हाताप्रमाणे घडवावंच लागतं. पण कापलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून आधी उंचवटा नेमका शोधा. तळहाताला खडूची पूड लावा, नेहमीसारखी पकड घ्या, हात सोडा. जिथे पूड दाट लागली तिथे दाब जास्त. तेवढीच जागा सँडपेपरने घासा, कानस नको. मग थांबा. दोन-तीन सराव होऊ द्या, नंतरच पुढचा हात फिरवा.

जिथे पोकळी आहे तिथे दोन भाग मिसळून लावायची इपॉक्सी पुट्टी भरा, हातावर पातळ प्लास्टिक गुंडाळून पकड घ्या आणि आकार उमटू द्या. माझा अनुभव असा की तळहाताच्या मधली पोकळी भरली की बोटाचा ताण सर्वांत लवकर जातो. पिस्तूल हातात आपोआप टिकतं, बोटांनी ते धरून ठेवावं लागत नाही.

तळहाताखालची पाम शेल्फ (हाताला खालून टेकणारी, वर-खाली सरकणारी फळी) फार वर आवळू नका. उन्हात किंवा लांब सरावात हात थोडा सुजतो, तेव्हा सकाळी बेताची वाटणारी शेल्फ दुपारी करंगळीच्या बाजूची नस दाबते आणि करंगळीला मुंग्या येतात. नियमही लक्षात ठेवा: शेल्फ ग्रिपशी 90 अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेली चालत नाही, आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये.

सगळं झाल्यावर डोळे मिटून परीक्षा घ्या. रिकामं पिस्तूल, सुरक्षित दिशा. डोळे मिटून पिस्तूल उचला, नेहमीच्या उंचीला आणा, डोळे उघडा. फोरसाइट बॅकसाइटच्या (मागच्या नेमाच्या) खाचेत मधोमध असायला हवी. दहापैकी आठ-नऊ वेळा ती एकाच बाजूला दिसली, तर ग्रिप अजून हाताला वळवते आहे आणि ते वळण दर शॉटला मनगट आणि बोट सरळ करत बसतात. दुखण्याचा उगम पुष्कळदा इथेच सापडतो.

दुखणं सरावात लपवलं

ड्राय फायरिंग (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढण्याचा सराव) मोलाचं आहे, पण ग्रिप बदलल्यावर पहिल्याच दिवशी दोनशे वेळा ट्रिगर ओढू नका. नव्या कोनाची सवय व्हायला बोटालाही वेळ लागतो. .22 रिमफायर पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटून चेंबरची कड खराब होऊ शकते, तिथे स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) वापरा.

आणि काही लक्षणं ग्रिपने जाणारी नसतात. सकाळी बोट वाकलेलं अडकतं आणि खटकन सरळ होतं, तळहातात बोटाच्या बुडाशी दुखरी गाठ लागते: या आजाराला ट्रिगर फिंगर म्हणतात. नाव बंदुकीच्या चापासारख्या खटक्यावरून पडलंय. तो नेमबाजी न करणाऱ्यांनाही होतो, आणि अंगठा व अनामिकेत जास्त दिसतो. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटातली नस दबल्याची शंका घ्यावी लागते. दोन्हींत सराव थांबवा आणि हाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना पकड दाखवणारे वरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो बरोबर न्या. दिवसाला किती शॉट्स आणि किती ड्राय फायर, हेही लिहून न्या. बोट कुठे आणि किती वेळा ओढलं जातं हे डॉक्टरांना नुसत्या बोलण्यातून कळणं अवघड असतं.