ड्युअल बूट केल्यावर डी ड्राइव्हवर काही सेव्हच होईना

घरच्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, म्हणजे ड्युअल बूट केलं. फोटोंचा बॅकअप आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला (हे टाळू नका), विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून 80 जीबी जागा मोकळी केली आणि पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं. तासाभरात काम झालं.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. उबुंटूमधून डी ड्राइव्ह उघडत होता, फायली दिसत होत्या, पण एकही सेव्ह होईना. परवानग्या तपासण्यात अख्खी संध्याकाळ गेली. कारण वेगळंच होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय) चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर ते पूर्ण बंद होत नाही. थोडी स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं. असं पार्टिशन (डिस्कचा भाग) लिनक्स सुरक्षेसाठी फक्त वाचायला उघडतं. आणि ते योग्यच आहे, नाहीतर डेटा खराब होईल. म्हणून ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायचे (लिहिण्यासाठी जोडायचे) उपाय मी केले नाहीत.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढली, सेव्ह केलं, मशीन पूर्ण बंद करून उबुंटू सुरू केलं. ड्राइव्हवर लिहिता येऊ लागलं!

घड्याळाचंही सांगतो. विंडोजमध्ये वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसायची, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'टाइमडेटसीटीएल' (timedatectl) या कमांडने ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलं.