तंबाखू नियंत्रणाच्या नियोजनात नव्याने येताय? आधी तक्ता फोडायला शिका

एकूण टक्केवारी हाती आली की तिथेच थांबू नका. उत्पन्न, शिक्षण, कामाचं स्वरूप, मानसिक आजार, असा एकेक रकाना करून तोच आकडा पुन्हा मांडा. सरासरी खाली येतेय म्हणून सगळे खूश असतात आणि सगळ्यात गरीब गटाचा आकडा जागचा हललेला नसतो, हे मी वारंवार पाहिलंय. जगातले सुमारे ८० टक्के तंबाखू वापरणारे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. देशाच्या आतही बहुतेक ठिकाणी गरीब गटांत वापर जास्त दिसतो.

मग प्रत्येक उपायाला विचारायचं, तू नेमका कुणापर्यंत पोचतोस? नुसत्या जाहिरातींचा फायदा बहुधा शिकलेले लोक आधी उचलतात, आणि दरी उलट वाढते. करवाढीचं तसं नाही. किंमत १० टक्के वाढली की खप श्रीमंत देशांत साधारण ४ टक्क्यांनी आणि बाकीच्या देशांत ५ टक्क्यांच्या आसपास घटतो. त्यातही गरीब आणि तरुण जास्त प्रमाणात वापर कमी करतात. मात्र सगळ्या प्रकारांवर कर सारखा वाढायला हवा, नाहीतर लोक स्वस्त प्रकाराकडे वळतात. आणि कर वाढवायचा, पण सोडायला मदत द्यायची नाही, हा मला सरळ अन्याय वाटतो. ज्याचं व्यसन सुटत नाही, त्याच्या घरखर्चालाच कात्री लागते.

मदत कशी द्यायची, हे कार्यालयात बसून कळत नाही. एका पाहणीत रोजंदारीवरच्या बाईंनी मला विचारलं, "दहा ते पाच तुमचं केंद्र उघडं, मग माझा खाडा कोण भरून देणार?" त्यानंतर समुपदेशक पाळी सुटायच्या वेळी कामाच्या जागी जाऊ लागले, सोबत निकोटीनचे पॅच आणि च्युइंगगम मोफत. २००९ पासून ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. निधी मागताना हे जरूर लिहा.

संख्याशास्त्र शिकालच, पण अंदाजपत्रक वाचायलाही शिका. २००५ मध्ये लागू झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं कलम ५.३ पाठच करा: धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाचे हितसंबंध दूर ठेवायचे. प्रायोजकत्व देऊ करणारे फार गोड बोलतात.

मूल्यमापनाचा निकष योजनेच्या पहिल्याच पानावर लिहा: सगळ्यात मागे राहिलेल्या गटात तंबाखू सोडणारे किती वाढले? हे नंतरवर टाकलंत, तर त्या गटाची सुरुवातीची माहिती कुणी गोळाच केलेली नसते.